छळ सोसलेल्यांनी छळ का केला?

प्रश्न : प्रोटेस्टंट हे नाव कसे पडले? धर्मस्वातंत्र्यासाठी युरोप सोडून अमेरिकेत गेलेल्या प्रोटेस्टंटांनी तिथे इतर पंथीयांना फाशी दिल्याचे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : दुर्दैवाने खरे आहे, आणि त्याचे मूळ नावाच्या जन्मकथेतच सापडते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी कॅथलिक चर्चकडून होणाऱ्या पापक्षमापत्रांच्या विक्रीवर आक्षेप घेणारे ९५ मुद्दे १५१७ मध्ये विटेनबर्ग येथे मांडले. नाव मात्र बारा वर्षांनंतरचे आहे. १५२९ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे भरलेल्या साम्राज्यसभेने ल्यूथरपंथीयांना आधी दिलेली मोकळीक काढून घेतली, तेव्हा त्यांच्या बाजूच्या राजांनी आणि १४ नगरांनी जाहीर निषेध (प्रोटेस्ट) नोंदवला, त्यावरून हे नाव रूढ झाले. मात्र मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना मृत्युदंड द्यावा, असे त्याच सभेने ठरवले आणि ल्यूथरपक्षाने त्याला विरोध केला नाही. म्हणजे मागणी होती ती आपल्या मताला जागा मिळण्याची. परक्या मतालाही ती मिळावी, हा विचार फार थोड्यांच्या मनात होता.

हीच वृत्ती समुद्रापार गेली. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला उतरलेल्या मंडळींतले काही जण इंग्लंडच्या चर्चपासून पूर्णपणे फुटलेले होते. १६३० पासून मॅसॅच्युसेट्सला मोठ्या संख्येने गेलेल्या प्युरिटनांना मात्र तेच चर्च शुद्ध करायचे होते. त्यांना सर्वांसाठी मोकळी भूमी नको होती, ईश्वरी नियमांवर चालणारा समाज उभारायचा होता, त्यामुळे वेगळे बोलणारा माणूस त्यांना घर पोखरणारा वाटे. वसाहतीतून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्स यांनी १६३६ मध्ये आजच्या ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स वसवले आणि श्रद्धेच्या बाबतीत राज्यसत्तेने हात घालू नये, हे तत्त्व तिथे प्रत्यक्ष आचरणात आणले. माझ्या मते प्रोटेस्टंट परंपरेचे अमेरिकेतील सर्वांत मोलाचे देणे हेच आहे.

फाशीचा प्रसंग याच मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील बोस्टनमधला आहे. १६५९ मध्ये मेरी डायर या क्वेकर (पाद्री आणि विधी न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातील) स्त्रीला दोन सहकाऱ्यांसह वधस्थानी नेण्यात आले. दोघांना तिच्यासमोर फाशी दिले आणि तिला ऐनवेळी सोडून वसाहतीबाहेर पाठवले. तिचे घर ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे होते, जिथे तिच्या श्रद्धेला कोणाचीही आडकाठी नव्हती. तरीही हद्दपार केलेला क्वेकर परत आल्यास त्याला मृत्युदंड देणारा अन्यायी कायदा रद्द व्हावा म्हणून ती पुढच्या वर्षी बोस्टनला परतली, आणि १ जून १६६० रोजी तिला फाशी देण्यात आले.