ओईचं बास्केट भरण्याआधी

मॅडम, स्वायत्त महाविद्यालयात ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतला निवडीचा विषय), व्हीईसी (मूल्यशिक्षण) आणि आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) यांच्या समितीचं समन्वयकपद तुमच्याकडे आलंय, प्राचार्यांना लेखी धोरण हवंय आणि तुमचा प्रश्न आहे, विषयांची यादी, म्हणजे बास्केट, कशी करायची. माझं मत विचाराल तर यादीला सगळ्यात शेवटी हात घाला. आधी या अभ्यासक्रमांची जबाबदारी कोणाची ते ठरवा.

मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, वाली असतो. विभागप्रमुख असतात, अभ्यास मंडळ असतं, निकाल घसरला की विचारणा होते. ओईला बसलेली मुलं दुसऱ्याच विद्याशाखेची, त्यामुळे तास बुडाला तरी विभागात कुणाला फरक पडत नाही. मग सगळं वर्कलोडवर येऊन ठेपतं. ज्यांची मेजरची मुलं घटलीत त्यांना ओईने तास भरून काढायचे असतात, आणि ज्यांचा लोड भरलाय ते तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या गळ्यात तो मारतात. माणसं वाईट नाहीत, व्यवस्थाच तशी आहे. म्हणून पहिलं कलम हे घाला: प्रत्येक ओईला एक पूर्णवेळ शिक्षक जबाबदार, आणि शक्यतो विभागातला अनुभवी. विज्ञान न शिकलेल्या मुलाला विज्ञान शिकवणं हे नवख्याचं काम नाही.

दुसरं कलम अभ्यासक्रमाचं. बहुतेक ठिकाणी एफवायच्या मेजरची पहिली दोन युनिटं कापून ओईत चिकटवतात. संख्याशास्त्राचा पेपर कला शाखेच्या मुलांसमोर 'रँडम व्हेरिएबल'च्या व्याख्येने उघडला की तिसऱ्या आठवड्यात वर्ग रिकामा. त्याऐवजी घरचं लाइट बिल आणायला सांगा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क. युनिट वाढली की दर कुठल्या टप्प्यावर बदलतो, त्याचा आलेख मुलांनीच काढायचा. सरासरी दर आणि टप्प्याचा दर यातला फरक फळ्यावर न लिहिताही कळतो. मसुदा विभागाने करावा, पण मंडळात जाण्याआधी दुसऱ्या विद्याशाखेच्या एका शिक्षकाने तो वाचून 'मला कळला' अशी सही करावी. या सहीवर वाद होईल, होऊ द्या.

केंद्रातून आलेला विषय वाऱ्यावर सोडला की काय होतं, ते पर्यावरण अभ्यासात पाहिलंय आपण. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात निर्देश दिले, पुढे यूजीसीने पदवीसाठी सक्तीचा अभ्यासक्रम आणला. आठ युनिटं, शेवटचं क्षेत्रभेटीचं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी क्षेत्रभेट म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार प्रकल्प. कारण नेणारा माणूसच ठरलेला नव्हता. व्हीईसी आणि आयकेएसचं तेच व्हायला नको असेल तर प्रकल्पाला तोंडी परीक्षा जोडा, पाच मिनिटांची का असेना.

प्रवेश 'पहिला येईल त्याला' नको. सोपा पेपर काही मिनिटांत भरतो आणि गावाकडे नेट नसलेली मुलं उरलेल्यात जातात. पसंतीक्रम घेऊन वाटप करा. प्रश्नपत्रिका मराठी-इंग्रजी दोन्हीत हवीच, एकाच वर्गात दोन्ही माध्यमांची मुलं बसतात.

आता प्राचार्यांसमोर जाताना हा हिशेब सोबत न्या. समजा पहिल्या वर्षाला ६०० मुलं आणि तुकडी ६० ची, तर १० तुकड्या. २ क्रेडिटचा पेपर म्हणजे सत्रात ३० तास, आठवड्याला २. दहा तुकड्यांचे २० तास. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाचे अध्यापनाचे तास आठवड्याला १६. म्हणजे एकट्या ओईला एका पूर्ण पदाहून जास्त भार, व्हीईसी-आयकेएस वेगळेच. ही माणसं कुठून येणार, हे इतिवृत्तात लिहून घ्या. मगच विभागांकडून विषय मागवा, नाहीतर पंचवीस विषयांचं सुंदर पत्रक छापून होईल आणि जूनमध्ये टाइमटेबल लावणारा लेक्चरर तुमच्या दारात उभा राहील.