सेट-टॉप बॉक्सवरचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर कसं घ्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडच्या घरी डीटीएच बॉक्सला लावलेल्या हार्ड डिस्कवर मुलीच्या नाचाचा टीव्हीवरचा कार्यक्रम आहे. डिस्क लॅपटॉपला जोडली की विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणतं. पुढच्या आठवड्यात बॉक्स बदलला जाणार आहे.

आधी दोन गोष्टी करा. विंडोजने कितीही वेळा विचारलं तरी 'फॉरमॅट' दाबू नका. आणि बॉक्स बदलायची तारीख पुढे ढकला. नवा बॉक्स हुबेहूब त्याच मॉडेलचा असला तरी जुनं रेकॉर्डिंग त्यावर चालणार नाही.

कारण कुलूप डिस्कमध्ये नसतं, बॉक्समध्ये असतं. रेकॉर्डिंग डिस्कवर जातं ते सांकेतिक रूपातच, आणि ते उलगडायची किल्ली त्या एका बॉक्सच्या चिपमध्ये कायमची कोरलेली असते. ती वाचून बाहेर काढता येत नाही. म्हणून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पैसे घालवू नका. त्याने डिस्कवरचा शेवटचा बाइट परत आणला, तरी तुमच्या हातात न उघडणारी फाइलच येईल. विंडोज फॉरमॅट मागतं ते वेगळ्याच कारणाने: बरेच बॉक्स डिस्क लिनक्सच्या पद्धतीने मांडतात आणि ती मांडणी विंडोजला कळत नाही. लिनक्सवर डिस्क उघडली तर फाइली दिसतील, पण चित्र दिसणार नाही.

ही एखाद्या कंपनीची मनमानी नाही. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्समध्ये कॉपी रोखणारी यंत्रणा असलीच पाहिजे, अशी अट ट्राय या दूरसंचार-प्रसारण नियामकाच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमावलीतच आहे. अनेक बॉक्स रेकॉर्डिंग दाखवतानाही ती वाहिनी तुमच्या पॅकमध्ये चालू आहे का ते तपासतात. म्हणून काम होईपर्यंत रिचार्ज संपू देऊ नका, ती वाहिनी पॅकमधून काढू नका आणि फॅक्टरी रीसेटच्या वाटेला जाऊ नका.

आता मार्ग. एचडीएमआयने होणार नाही. लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवायला असतं, आत घ्यायला नाही. त्यासाठी कॅप्चर कार्ड (बाहेरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) आणलंत तरी एचडीसीपीमुळे, म्हणजे एचडीएमआयवरच्या कॉपीबंदीच्या कुलपामुळे, पडदा काळा येईल. एचडीसीपी काढून टाकणारे स्प्लिटर लॅमिंग्टन रोडवर कोणी सुचवेल. त्या वाटेला जाऊ नका. खासगी वापरासाठीच्या योग्य वापराला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे, पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. घरच्या एका कार्यक्रमासाठी त्या सीमेवर जाऊन उभं राहायचं कारणच नाही.

बॉक्सला एव्ही आउट असेल तर तेच वापरा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची केबल आणि यूएसबी कॅप्चर डोंगल एवढंच लागतं. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पाल (PAL) ही टीव्हीची चित्रपद्धत, ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा आणि डीइंटरलेस चालू करा, नाहीतर नाचताना हातापायांच्या कडा कंगव्यासारख्या दिसतील. बॉक्सवर छोटं ३.५ मिमीचं भोक असेल तर केबलची जोडणी कंपनीगणिक बदलते. पिवळ्या पिनेतून चित्राऐवजी गुरगुर आली तर लाल पिन पिवळ्याच्या जागी लावून बघा. बहुतेक वेळा चित्र तिथे सापडतं. तासाच्या कार्यक्रमाला तासच लागतो. ५ एमबीपीएसला फाइल सव्वादोन जीबीच्या आसपास होते. दर्जा एचडी राहत नाही, हे मान्य करूनच बसायचं.

चित्र आळीपाळीने उजळ-मंद होऊ लागलं किंवा सॉफ्टवेअरने घ्यायला नकार दिला, तर त्या आउटपुटवरही कॉपीबंदीची खूण आहे. मग फोन ट्रायपॉडवर लावून पडदा चित्रित करा. खोलीत अंधार, फोन पडद्याच्या मध्याच्या उंचीवर, दोन मीटर लांब आणि थोडा झूम. प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की पट्टे बरेच कमी होतात. हा मार्ग ओबडधोबड वाटतो, पण तो नक्की चालतो. त्याचबरोबर वाहिनीला प्रसारणाची तारीख आणि वेळ लिहून कळवा. मूळ भाग त्यांच्या यूट्यूबवर किंवा ॲपवर असेल तर तो तुमच्या रेकॉर्डिंगपेक्षा चांगलाच असेल.

पुढच्या वेळेसाठी एक सांगतो. कार्यक्रम सह्याद्रीवर असेल तर डीडी फ्री डिशचा यूएसबी रेकॉर्डिंगवाला साधा बॉक्स घ्या. तिथे सह्याद्रीचं प्रसारण कुलूपबंद नसतं, आणि बहुतेक साधे बॉक्स सरळ टीएस फाइल लिहितात, जी व्हीएलसीमध्ये चालते. घेण्याआधी दुकानातच दोन मिनिटं रेकॉर्ड करून लॅपटॉपवर उघडून बघा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर फाइल ४ जीबीला तुटते. बॉक्स पुढचा तुकडा आपोआप सुरू करतो का, तेही विचारा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे मुंबईतून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर. फक्त पश्चिमेकडे उघडणाऱ्या गॅलरीत ती डिश चालणार नाही, गच्चीवर जागा मागावी लागेल. टायमर लावलात तर बॉक्स रिमोटनेच बंद करा, भिंतीवरचं बटण चालू राहू द्या. जुलैच्या जोरदार सरीत केयू बँडचा (डिशला येणाऱ्या लहरींचा) सिग्नल तुटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तेवढा भाग कायमचा गळतो. पुनःप्रसारण असेल तर त्याचाही टायमर लावून ठेवा.