तोडलेल्या ढोबळ्या मिरचीची कूज ओव्याच्या तेलाने थांबते का?

तोडलेल्या ढोबळ्या मिरचीला चार-पाच दिवसांत देठाशी बुरशी धरते, तेव्हा रासायनिक औषधाऐवजी ओव्याचे किंवा लवंगेचे तेल पाण्यात घालून त्यात मिरची बुडवली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. इंदूरजवळ आमचे शेडनेट आहे आणि माल चोइथराम मंडीत जातो, त्यामुळे हा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. तेलाचा उपयोग नक्की होतो. मात्र मिरची त्यात बुडवू नये, बंद डब्यात तेलाची वाफ द्यावी.

ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल आणि गवती चहातील सिट्रल ही द्रव्ये बुरशीच्या पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरून ते गळके करतात, म्हणून बीजाणू रुजत नाहीत. परंतु तेच द्रव्य दाट असेल तर मिरचीची सालही भाजते. पहिल्या वर्षी मी टबातल्या पाण्यात तेल टाकून भरपूर ढवळले होते. तरीही ते तरंगून वर आले आणि क्रेट उचलताना प्रत्येक मिरची त्या तवंगातून बाहेर निघाली. दुसऱ्या दिवशी सालीवर तपकिरी डाग होते, देठाखालची हिरवी टोपी करपली होती, आणि देठाच्या खोबणीत साचलेल्या पाण्यात बुरशीचे आयतेच फावले.

आता मी 20 लिटरच्या झाकणाच्या डब्यात कोरडी मिरची भरतो, कापसाच्या बोळ्यावर ओव्याच्या तेलाचे 4 ते 5 थेंब घेऊन तो झाकणाला आतून अशा रीतीने बांधतो की मिरचीला लागणार नाही, आणि सकाळी झाकण उघडून वारा लागू देतो. थेंब वाढवण्याचा मोह टाळावा, कारण वास मिरचीत मुरतो आणि गिऱ्हाईक ती परत करते. आधी दहाच मिरच्यांवर करून पाहा आणि दहा तशाच बाजूला ठेवा.

वाफ पोहोचते ती वरवरच्या बीजाणूंपर्यंत. कोलेटोट्रायकम नावाच्या बुरशीची फळकूज शेतातच आत शिरून दबा धरून बसते. तिच्यावर डब्यात उपाय नाही, खोलगट डाग पडलेली फळे तोडतानाच वेगळी काढावीत. थंडाव्याकडे तर मी तेलाहून अधिक लक्ष देतो. ढोबळ्या मिरचीला 7 ते 10 अंश सेल्सिअस मानवते. त्याखाली तिला गारठ्याची इजा होते, सालीवर खळगे पडतात आणि त्यांतच अल्टरनेरिया या बुरशीची काळी कूज सुरू होते. घरचा फ्रीज बहुधा याहून थंड असतो, तेव्हा आपली बुरशी काळी असेल तर प्रथम तिथेच संशय घ्यावा. राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, मात्र थंडीतही वाढत राहते आणि वाफेचा खरा फायदा मला तिच्याच बाबतीत दिसला.

देठ ओढून तोडू नये, कात्रीने कापावा. दव सुकल्यावरच तोडणी करावी. निव्वळ तेल हाताळताना हातमोजे घालावेत, त्याने कातडीची आग होते.