सर्वांसाठी आरोग्यसेवा म्हणजे सगळं सरकारी आणि फुकट का?

तुम्ही विचारलंय की सर्वांसाठी आरोग्यसेवा आणली की रुग्णालयं सरकारी होतात, उपचार फुकट होतात आणि मग रांगा लागतात, हे खरं का? काही वर्षांपूर्वी मीही 'हो' म्हटलं असतं, कारण डोळ्यासमोर एकच देश होता, ब्रिटन.

तिथे १९४८ साली बहुतेक रुग्णालयं खरंच सरकारच्या ताब्यात आली. पण हा झाला एक मार्ग. स्वित्झर्लंडमध्ये सरकारी विमाच नाही. १९९६ पासून प्रत्येक रहिवाशाला विमा कंपनीकडून स्वतःच्या पैशाने विमा घ्यावाच लागतो. मात्र या मूळ विम्यावर कंपनीला नफा कमावता येत नाही, 'तुम्हाला आधीपासून आजार आहे' म्हणून कुणाला परतही पाठवता येत नाही. हप्ता झेपत नसेल त्याला सरकार मदत करतं. कॅनडात बहुतेक डॉक्टर स्वतःची प्रॅक्टिस करतात, फक्त बिल रुग्णाऐवजी प्रांताच्या सरकारकडे जातं. म्हणजे रुग्णालय कुणाचं आणि बिल कोण भरतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक वाद ते एकच समजून चालतात.

फुकटचं म्हणाल तर जपानमध्ये १९६१ पासून सगळे विम्यात आहेत, तरी सत्तरीच्या आतला प्रौढ बिलाचा ३० टक्के भाग स्वतः भरतो. महिन्याला ठरावीक रकमेच्या वर गेलं की भार हलका होतो, एवढंच. ब्रिटनमध्येही कवळी आणि चष्म्याला पैसे लावायचं १९५१ मध्ये ठरलं, तेव्हा ही योजना उभी करणारे अॅन्युरिन बेव्हन चिडून मंत्रिपद सोडून गेले होते. मुद्दा फुकटचा नाहीच. उपचार घेताना कुणी कर्जात बुडू नये, हा आहे.

रांगांची तक्रार खोटी नाही. ब्रिटनमध्ये ठरवून करायच्या शस्त्रक्रियांसाठी १८ आठवड्यांचं उद्दिष्ट कित्येक वर्षं गाठलं गेलेलं नाही. पण हार्ट अटॅक आलेला माणूस त्या यादीत नसतो. आणि जिथे पैशाअभावी माणूस डॉक्टरकडे जातच नाही, तिथे त्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. ती रांग मोजलीच जात नाही, म्हणून ती लहान दिसते. मला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

'श्रीमंत देशांचेच चोचले' हेही ऐकू येतं. थायलंड २००२ मध्ये काही श्रीमंत नव्हता, तरी विम्याबाहेरच्या सगळ्यांना त्याने ३० बाटमध्ये (बाट म्हणजे तिथलं चलन) उपचार द्यायला घेतले. उलट अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर खर्च करते आणि तरी तिथे अडीच कोटींहून जास्त लोक विम्याबाहेर आहेत.

आणखी एक आक्षेपही गैरसमज नाही: यासाठी पगारातून पैसे कापले जातात. जर्मनीत आरोग्य विम्याची मूळ वर्गणीच पगाराच्या १४.६ टक्के आहे, निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची.