डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज ८०० कॅलरींचा आहार सुरक्षित आहे का? घरच्या घरी करता येईल?

दर आठवड्याला वजनकाट्यावर उभं करून पावती फाडणं म्हणजे देखरेख नव्हे. खरं काम पहिल्या दिवसाआधीच, चालू गोळ्यांपासून सुरू होतं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी तशीच ठेवली तर साखर धाडकन खाली येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्यांचा धोका फसवा: ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसतो आणि आत कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून रक्त आम्लधर्मी होत असतं. लघवी वाढवणारी बीपीची गोळी तशीच चालू राहिली की उठताना चक्कर, कारण शरीर आधीच पाणी आणि मीठ बाहेर टाकत असतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत (८२५ ते ८५३ कॅलरी, ३ ते ५ महिने) मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. म्हणजे उपाय चालतो, हे मी नाकारत नाही.

आता पित्ताशय. जेवणाऐवजी घ्यायच्या, 'शून्य फॅट' असं मिरवणाऱ्या पावडरी मला बघवत नाहीत. चरबी पोटात गेली नाही तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं. त्यात वितळत्या चरबीतलं कोलेस्टेरॉल उतरतं आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरू लागलं की धोका वाढतो. म्हणून एका जेवणात तरी ७ ते १० ग्रॅम चरबी हवीच. धोका जास्त असेल तर डॉक्टर खडे टाळायला अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड हे औषध देतात.

"घरचंच जेवण निम्मं केलं की झाल्या ८०० कॅलरी" म्हणणारेही भेटतात. अहो, निम्म्या ताटात प्रथिनंही निम्मीच! लागतात ७० ते १०० ग्रॅम, आणि तीही चांगल्या प्रतीची. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलॅजेनच्या (कातडी-हाडांपासून काढलेल्या, हलक्या प्रतीच्या) द्रव प्रथिनांवर राहिलेले कित्येक जण हृदयाचे ठोके बिघडून दगावले. म्हणूनच आधी ईसीजी, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड या तपासण्या सुरुवातीला आणि मध्येही. गाउट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजणं) असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच उसळू शकतो.

बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, तोंडाला वास हे होतंच. केस २-३ महिन्यांनी गळतात, बहुधा परत येतात.

साधारण १२ आठवड्यांनी थांबायचं, तेही एकदम नाही; दर २-३ आठवड्यांनी पावडरीच्या एका पाकिटाच्या जागी एक जेवण.

आणि हो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या खाली असेल, गरोदरपण, स्तनपान, टाइप १ मधुमेह, नुकताच आलेला हार्ट अटॅक किंवा खाण्याचा मानसिक विकार असेल, तर या वाटेला जाऊच नका. इन्सुलिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने डोस बदलू नका, बंद तर मुळीच करू नका.