वाचकांचे प्रश्न : वेटलिफ्टिंगचा प्रोग्रॅम कोणता निवडू?

प्रश्न : माझं वय 29. राहते भांडुपला, नोकरी फोर्टला. सहा महिन्यांपासून ऑलिम्पिक वेटलिफ्टिंग शिकते आहे. स्नॅच (बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर) 35 किलो, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) 47, बॅक स्क्वॉट (बार मानेमागे खांद्यांवर घेऊन बैठक) 60. कोच फक्त शनिवारी येतात. माझ्याकडे तीन प्रोग्रॅम आहेत : रोज जास्तीत जास्त वजनापर्यंत जायचा सहा दिवसांचा बल्गेरियन, टक्केवारीवर चालणारा पाच दिवसांचा रशियन आणि एक साधा तीन दिवसांचा. तिसरा फारच सोपा वाटतो. शिवाय स्नॅच क्लीन अँड जर्कच्या 80 टक्के हवा म्हणतात, माझा तेवढा नाही. जिम पहिल्या मजल्यावर आहे, बार खाली टाकू देत नाहीत.
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, तिसरा घ्या. आणि सोपा वाटतो म्हणून त्यात स्वतःच्या मनानं भर घालू नका.

बल्गेरियन पद्धत इव्हान अबाजिएव्ह यांनी राष्ट्रीय संघासाठी बसवली. ती मुलं दिवसातून अनेकदा सराव करत, मधल्या वेळात झोपत. त्यांचं कामच ते होतं. तुम्ही भांडुपहून सीएसएमटीपर्यंत उभ्यानं जाता, संध्याकाळी तशाच परत येता आणि मग बार हातात घेता. पंचविशीत मीही नोकरी सांभाळून असला सहा दिवसांचा प्रोग्रॅम धरला होता. पाचव्या आठवड्यात दादरच्या पुलाचा जिना कठड्याला धरून उतरायची पाळी आली. उजवा गुडघा वाकत नव्हता. पुढचे तीन महिने स्क्वॉट बंद. जे कमावलं होतं तेही गेलं, म्हणून हे इतक्या कळकळीनं सांगतोय.

रशियन आराखडा चांगला आहे, पण त्याची टक्केवारी पक्क्या कमाल वजनावर उभी असते. सहा महिन्यांच्या लिफ्टरचं कमाल वजन पक्कं नसतं. आज 35, तंत्र सुधारलं की पुढच्या महिन्यात 39. मग 80 टक्के कशाचे काढायचे? वर्षभरानं तो जरूर काढा.

स्नॅच 80 टक्के नाही याची काळजी सोडा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानूनं स्नॅच 87 आणि क्लीन अँड जर्क 115 किलो उचलून रौप्य मिळवलं. हे प्रमाण 76 टक्क्यांच्या आत येतं. तुमचं 74 आहे. उलट 60 च्या स्क्वॉटवर तुम्ही 47 चा जर्क करता, म्हणजे पायांत आहे त्यातलं बरंचसं बारवर येतंय. आता पाय वाढवायला हवेत.

सोमवारी स्नॅच आणि बॅक स्क्वॉट. बुधवारी क्लीन अँड जर्क आणि फ्रंट स्क्वॉट, म्हणजे बार पुढून खांद्यांवर घेऊन बैठका. शनिवारी कोचसमोर दोन्ही लिफ्ट, जड काय उचलायचं ते त्याच दिवशी. सोमवारी-बुधवारी दोन-दोन, तीन-तीन रेप्सचे पाच-सहा सेट, तेही वजन छातीवर किंवा मांडीवर घेऊन सावकाश खाली ठेवता येईल एवढंच. तुमच्या जिममध्ये बार टाकता येत नाही ना? मग एकटीनं कमाल वजनाला हात घालणं धोक्याचं, कारण फसलेला स्नॅच सोडून देऊन बाजूला होणं हीच सुटका असते. सगळे सेट नीट झाले तर पुढच्या वेळी एक किलो वाढवा, स्क्वॉटला अडीच. एकाच वजनावर दोनदा फसलात तर त्या दिवशी वजन कमी करा. दर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे करा. कोचना विचारून महिन्यातले दोन शनिवार तरी तळमजल्यावरच्या, प्लॅटफॉर्म असलेल्या ठिकाणी सराव करा.

एक गोष्ट मात्र सोमवारीच तपासा. स्पर्धेच्या मोठ्या रबरी प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. जिममधल्या पाच-दहा किलोच्या लोखंडी प्लेट लहान असतात. त्या लावल्या की बार खाली जातो, तुम्ही जास्त वाकता, कंबर गोल होते आणि पहिल्या खेचीतच बार गुडघ्यापासून लांब पळतो. पुष्कळ मुली याला ‘माझी पाठ कमजोर आहे’ म्हणतात. दोन्ही बाजूंना प्लेटखाली फळ्या सरकवा, टेपनं उंची मोजा, मग उचला. बारही बघा. बायकांचा बार 15 किलोचा आणि 25 मिलिमीटर जाड असतो, पुरुषांचा 20 किलोचा आणि 28. जाड बारवर छोट्या हाताचा अंगठा बोटांखाली नीट दबत नाही, हूक ग्रिप सुटते आणि ती सावरायला कोपर लवकर वाकतं. फोन बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवून रोजचे दोन सेट चित्रित करा, शनिवारी कोचना तेवढंच दाखवा : बार मांडीला कुठे लागतो आणि कोपर त्याआधी वाकलंय का.

धावायचे मऊ बूट घालत असाल तर ते आजच बाजूला ठेवा. जर्कच्या वेळी टाच त्यात रुतते आणि वजन डोक्यावर असताना घोटा डगमगतो. कडक टाचेचे लिफ्टिंग शूज येईपर्यंत सपाट, पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट चालतील.