वाचकांचे प्रश्न : हिंचिनब्रूक बेटावरची किनारवाट

प्रश्न : आम्ही चिपळूणचे पाच मित्र गेली वीस वर्षे सह्याद्रीत भटकत आहोत. येत्या जूनमध्ये ब्रिस्बेनला मुलीकडे जाणार असून, ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील हिंचिनब्रूक बेटावरील थॉर्सबोर्न ट्रेल करण्याचा आमचा विचार आहे. वाट 32 किलोमीटरचीच आहे. मग ती दोन दिवसांत पूर्ण होईल का? वाटेत खाण्यापिण्याची सोय असते का?

उत्तर : दोन दिवसांचा बेत करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, चार दिवस आणि तीन मुक्काम ठेवावेत. सह्याद्रीत आपण अंतर आणि चढ पाहून वेळ काढतो. या बेटावरचे बोवेन शिखर 1,121 मीटर उंच असले, तरी वाट त्यावर न चढता पूर्व किनाऱ्याने जाते, त्यामुळे नकाशावर ती सोपी भासते. प्रत्यक्षात तिचे वेळापत्रक समुद्र ठरवतो. दाट वर्षावनातून पुळणीवर, पुळणीवरून कातळावर आणि पुन्हा जंगलात असे चालताना अनेक ओढे ओलांडावे लागतात, आणि त्यांपैकी काहींच्या मुखाशी ओहोटीशिवाय पाऊल टाकता येत नाही. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणून आधी त्या दिवसांचे भरती-ओहोटीचे कोष्टक मिळवावे आणि मगच मुक्काम ठरवावेत.

कार्डवेल गावाहून होडी खारफुटीतल्या चिंचोळ्या खाडीतून आपल्याला रॅमसे बे या उपसागराजवळ उतरवते. पहिल्या दिवशी लिटल रॅमसे बेपर्यंतचे साडेसहा किलोमीटर पुरेत. दुसऱ्या दिवशी झोई बेपर्यंत साडेदहा किलोमीटर आहेत आणि हाच टप्पा सर्वांत दमवणारा आहे. तेथे जूनमध्ये सूर्य सहाच्या आधी मावळतो, म्हणून पहाटेच आवरून उजाडताच निघावे. झोई धबधब्याखालचा डोह इतका नितळ आहे की तळाचे दगड आणि भोवती फिरणारे मासे काठावरूनच दिसतात. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारच्या उभ्या ग्रॅनाइट कातळावरून, एका ठिकाणी दोर धरून, वर चढावे लागते. माथ्यावर आल्यावर मागे वळून पाहिले की जंगलाच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे झोई बेची संपूर्ण कमान दिसते. त्या जागी मी अर्धा तास बसून होतो, आणि तेवढा वेळ आपणही राखून ठेवावा. पुढे मुलिगन धबधबा व जॉर्ज पॉइंट हे प्रत्येकी साडेसात किलोमीटरचे दोन टप्पे उरतात, आणि जॉर्ज पॉइंटहून होडीने मुख्य भूमीवरच्या ल्युसिंडा गावाला जाता येते.

मगरींविषयी मात्र आपल्या अनुभवावर विसंबू नये. वाशिष्ठीतली मगर आपल्या परिचयाची असली, तरी हिंचिनब्रूकच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातली मगर असते. ती आकाराने कितीतरी मोठी आणि माणसावर हल्ला करणारी आहे. खाडीच्या मुखाशी पोहू नये, भांडी घासू नयेत, आणि तंबू पाण्यापासून किमान 50 मीटर दूर ठोकावा. घातक जेलीफिशचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो, तरीही जूनमध्ये समुद्रात उतरण्याचे मी टाळेन.

खाण्याची सोय कोठेही नाही. आपल्याकडे पायथ्याच्या गावात भाकरी मिळते आणि देवळात पाठ टेकता येते. त्या बेटावर वस्तीच नाही. चारही दिवसांचा शिधा पाठीवर न्यावा आणि कचराही परत आणावा. शेकोटीला बंदी असल्याने गॅसची शेगडी लागते. तिची नळकांडी विमानात चालत नाहीत, ती तेथेच विकत घ्यावीत. घरून नेलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावा. मुक्कामाच्या जागी अन्न ठेवण्यासाठी धातूच्या पेट्या असतात, कारण तेथील मोठे उंदीर सॅक कुरतडून आत शिरतात. पहिल्याच रात्री माझ्या सॅकच्या कप्प्यात राहिलेल्या चिक्कीसाठी त्यांनी जाड कापड फोडले होते.

वाटेवर एका वेळी 40 जणांनाच परवानगी असते आणि एका गटात सहापेक्षा अधिक माणसे चालत नाहीत. आपण पाच आहात, ते बरोबर बसते. परंतु जूनसाठीची नोंदणी अनेक महिने आधी करावी लागते. फोनची रेंज भरवशाची नसल्याने उपग्रहाद्वारे मदतीचा संदेश देणारे उपकरण सोबत असावे.

प्रश्न : या वाटेला थॉर्सबोर्न हे नाव कोणामुळे पडले? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर : आर्थर आणि मार्गारेट थॉर्सबोर्न या निसर्गप्रेमी दांपत्याचे हे नाव आहे. हिंचिनब्रूकजवळच्या ब्रूक बेटांवर पांढऱ्या-काळ्या मोठ्या कबुतरांची एक जात घरटी करते, आणि दिवसा फळे खाण्यासाठी मुख्य भूमीवरच्या वर्षावनात जाते. त्यांची बेसुमार शिकार होत असल्याचे पाहून या दोघांनी 1965 पासून त्यांची मोजणी सुरू केली आणि ती वर्षानुवर्षे चालू ठेवली. पुढे संरक्षण मिळाल्यावर पक्ष्यांची संख्या पुन्हा वाढली. बेटाचे मूळ रहिवासी मात्र बांडजिन आणि गिरामे हे समाज आहेत, हेही वाट चालताना ध्यानात असावे. ही कबुतरे न्यू गिनीकडून साधारण ऑगस्टपासून येऊ लागतात. त्यामुळे संध्याकाळी समुद्रावरून परतणारे त्यांचे थवे पाहायचे असतील, तर जूनऐवजी सप्टेंबरचा विचार करावा.